आठवी इंडियन डिव्हिजन इटलीत: आजोबा १/५ मराठामध्ये होते, तर ते नेमके कुठे लढले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीत शिपाई होते आणि 'आठव्या डिव्हिजनबरोबर इटलीत होते' एवढंच घरात सांगितलं जातं. ही डिव्हिजन म्हणजे काय, तिनं काय केलं, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिश काळातलं शौर्याचं सर्वोच्च पदक) मिळालेले नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे हे दोघेही तिच्यातलेच का, आणि आजोबांचा माग कुठे काढायचा, हे तुम्हाला हवं आहे.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कोणत्या चष्म्यातून लिहिलंय ते कळेल. मी लष्करात सॅपर होतो. पूल बांधणं आणि सुरुंग काढणं हीच नोकरी. निवृत्तीनंतर अशाच कुटुंबांसाठी जुन्या वॉर डायऱ्या, म्हणजे पलटणींनी युद्धात ठेवलेल्या रोजच्या नोंदी, वाचून देतो. त्यामुळे डिव्हिजनचा इतिहास मी नदीच्या काठानं वाचतो. पण आठव्या डिव्हिजनच्या बाबतीत हा नुसता सॅपरचा हट्ट नाही. इटलीतली तिची दीड-पावणेदोन वर्षं नकाशावर मांडली की एकामागून एक नद्याच दिसतात: बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो, मोरो, गारी, आर्नो, सेनिओ, सांतेर्नो, पो, आदिजे. इटलीच्या मधोमध आपेनाइन पर्वताचा कणा आहे. त्याच्या दोन्ही अंगांनी नद्या समुद्राकडे उतरतात आणि दोस्त सैन्य दक्षिणेकडून उत्तरेकडे निघालेलं. म्हणजे प्रत्येक नदी आडवीच. जर्मनांनी माघार घेताना पूल उडवायचे, पलीकडच्या चढावर मोर्चे बांधायचे आणि वाट बघायची. पायदळ रात्री पाण्यात उतरून पलीकडे जायचं. पण सकाळपर्यंत पूल झाला नाही तर मागे टँक नाहीत, रणगाडाविरोधी तोफा नाहीत, जखमींना आणायला गाडी नाही. मग जर्मन टँक येणार आणि रात्री मिळवलेलं सगळं दुपारपर्यंत जाणार. ही डिव्हिजन का जिंकली आणि कुठे अडली, हे या एका हिशोबावरून बरंचसं उलगडतं.

डिव्हिजन म्हणजे साधारण सोळा-सतरा हजार माणसं. तीन ब्रिगेड, प्रत्येक ब्रिगेडमध्ये तीन पायदळ बटालियन, आणि त्यांच्याबरोबर तोफखाना, सॅपर, सिग्नल, वाहतूक, दवाखाने. भारतीय डिव्हिजनमध्ये प्रत्येक ब्रिगेडमधली एक बटालियन ब्रिटिश असायची. इटलीतल्या आठव्या डिव्हिजनमध्ये १७वी, १९वी आणि २१वी ब्रिगेड होती. ब्रिटिश बटालियन सोडली तर १७व्या ब्रिगेडमध्ये १/५ गुरखा आणि १/१२ फ्रंटियर फोर्स, १९व्या ब्रिगेडमध्ये ३/८ पंजाब आणि ६/१३ फ्रंटियर फोर्स रायफल्स, तर २१व्या ब्रिगेडमध्ये ब्रिटिश रॉयल वेस्ट केंट, ३/१५ पंजाब आणि तुमची १/५ मराठा. १/५ म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन. हीच ती १७६८ साली उभी राहिलेली जंगी पलटण, आजची १ मराठा लाईट इन्फंट्री.

इथे एक खात्री आधी करून घ्या. 'आजोबा इटलीत होते' या वाक्याचे मराठी घरांत निदान तीन अर्थ निघू शकतात. ते १/५ मध्ये असतील तर आठवी डिव्हिजन. ३/५ मध्ये असतील तर दहावी डिव्हिजन, आणि यशवंत घाडगे त्या पलटणीचे. तिसरा अर्थ लोकांच्या लक्षातच येत नाही. २/५ मराठा ही पलटण जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा ११व्या ब्रिगेडबरोबर कैद झाली. तोब्रुकहून पकडलेल्या बऱ्याच भारतीय जवानांना जहाजानं इटलीत आणून तिथल्या छावण्यांत ठेवलं होतं. म्हणजे आजोबा इटलीत होते हे खरं, पण लढायला नव्हे, युद्धकैदी म्हणून. घरात ही गोष्ट बोलली गेली नसेल तर त्यातही नवल नाही. तेव्हा सगळ्यात आधी बटालियनचा आकडा पक्का करा.

इटलीच्या आधीचं थोडक्यात. १९४० च्या अखेरीला डिव्हिजन भारतात उभी राहिली, मेजर जनरल चार्ल्स हार्वी यांच्या हाताखाली. १९४१ मध्ये ती इराकला गेली. ऑगस्टमध्ये ब्रिटन आणि रशियानं मिळून इराणमध्ये सैन्य घातलं, तेव्हा आबादानची तेल रिफायनरी आणि शेजारचं खुर्रमशहर हिच्याच ब्रिगेडनी ताब्यात घेतलं. त्यानंतरचा बराच काळ इराक-सीरियाच्या वाळूत खंदक खणण्यात आणि सराव करण्यात गेला. मध्येच तिची १८वी ब्रिगेड घाईघाईनं इजिप्तला पाठवली गेली आणि १ जुलै १९४२ रोजी अल अलामेनजवळ देइर एल शेइन इथे जर्मन सेनापती रोमेलच्या टँकांपुढे एका दिवसात संपली. म्हणून जुन्या यादीत आणि इटलीतल्या यादीत ब्रिगेडचे आकडे जुळत नाहीत. चूक तुमची नाही. जानेवारी १९४३ मध्ये मेजर जनरल डडली रसेल आले. सगळे त्यांना 'पाशा' म्हणायचे आणि युद्ध संपेपर्यंत डिव्हिजन त्यांच्याचकडे राहिली. युद्धात एकाच माणसाकडे एवढा काळ डिव्हिजन राहणं ही किरकोळ गोष्ट नव्हती. हाताखालच्या ब्रिगेडियरला वरिष्ठ काय म्हणणार हे आधीच ठाऊक असतं आणि तोफखान्याला कोणाशी बोलायचं ते माहीत असतं.

२४ सप्टेंबर १९४३ रोजी डिव्हिजन तारांतो बंदरात उतरली. बिफेर्नो ऑक्टोबरात ओलांडली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्रिन्योच्या काठावर, तुफिल्लो गावाच्या डोंगरावर, ३/८ पंजाबची चांगलीच हानी झाली. मग सांग्रो. पावसानं नदी फुगलेली, पूल वाहून जातायत, आणि पलीकडे मोत्सोग्रोन्या हे डोंगरावरचं गाव. २७ नोव्हेंबरच्या रात्री १७व्या ब्रिगेडच्या गुरख्यांनी गावात घुसून घराघरांत मारामारी केली. पण मागून टँक वेळेत पोचले नाहीत. जर्मन टँक आणि ज्वाळाफेके आले आणि गाव सोडावं लागलं. नंतर ते पुन्हा घेतलं. वर सांगितलेला हिशोब इथे उलटा पडला तो असा.

डिसेंबरात मोरो नदीवर जे झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक इतिहासांत त्याला एका वाक्यापेक्षा जास्त जागा मिळत नाही. बेली ब्रिज तुम्ही पाहिला असेल. आपल्याकडेही पुरात पूल वाहून गेला की लष्कर असाच लोखंडी जाळीचा पूल टाकतं. त्याची एक चौकट दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन अडीचशे किलोच्या वर. सहा माणसं उचलतात. नेहमीची पद्धत अशी की आपल्या काठावर रोलरवर सगळा पूल जोडायचा, पुढे हलकं 'नाक' लावायचं आणि मागून ढकलत पलीकडे न्यायचा. म्हणजे आपल्या बाजूला सरळ, मोकळी जागा हवी. पुलाच्या लांबीपेक्षा थोडी जास्तच. मोरोच्या काठी रस्ता उतारावरून येऊन नदीजवळ काटकोनात वळत होता. ढकलायला जागाच नाही. इथे पूल होणार नाही असं ठरलंही होतं. आठव्या डिव्हिजनच्या सॅपर्सनी सामान आधी पलीकडे नेलं, शत्रूच्या काठावर पूल जोडला आणि तिकडून आपल्या काठाकडे उलटा ढकलला. त्याला नाव पडलं 'इम्पॉसिबल ब्रिज'. रात्री लोखंडावर हातोडा पडला की आवाज किती लांब जातो, हे ज्यानं ऐकलंय त्याला या कामाची किंमत कळेल. या पुलामुळे शेजारी लढणाऱ्या कॅनेडियनांवरचा दाब हलका झाला, आणि आठव्या डिव्हिजनला काल्दारी, मग नाताळाच्या आठवड्यात व्हिला ग्रांदे या गावांसाठी लढता आलं. त्यानंतर बर्फ पडलं आणि ओर्तोना-ओर्सोन्याची आघाडी गोठली.

आता गारी. कासिनोच्या लढाईबद्दल वाचताना सगळं लक्ष मठाच्या डोंगरावर जातं. ते साहजिकच आहे, कारण तिथे चौथी इंडियन डिव्हिजन फेब्रुवारी-मार्चमध्ये रक्तबंबाळ झाली होती. पण मे १९४४ मध्ये जी चौथी आणि शेवटची लढाई झाली तिचं एक कुलूप डोंगराखालच्या सपाटीवर होतं, सांत आंजेलो गावापाशी. गारी नदी तिथे साधारण साठ फूट रुंद, माणूस बुडेल इतकी खोल आणि पाण्याला जबर ओढ. याच जागी जानेवारीत अमेरिकेच्या ३६व्या टेक्सास डिव्हिजननं नदी ओलांडायचा प्रयत्न केला होता. दोन दिवसांत त्यांचे दीड हजारांहून अधिक लोक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. त्यांचं पायदळ पलीकडे पोचलं होतं. पूल झाले नाहीत.

११ मेच्या रात्री अकरा वाजता संपूर्ण आघाडीवर सोळाशेच्या आसपास तोफा एकदम सुरू झाल्या. आठव्या डिव्हिजनच्या १७व्या आणि १९व्या ब्रिगेड होड्या घेऊन काठाशी गेल्या. तुमच्या आजोबांची २१वी ब्रिगेड त्या रात्री राखीव होती, हे लक्षात ठेवा. घरच्या कहाणीत ते 'पहिल्या होडीत' असतील तर ती जोड नंतरची आहे. नदीकाठचं धुकं आणि तोफांचा धूर मिसळून हातभर अंतरावरचं दिसेना. होड्या प्रवाहानं वाहून गेल्या, काही उलटल्या. जे पलीकडे पोचले ते तारा आणि सुरुंगांत अडकले. सकाळी ३/८ पंजाबचा शिपाई कमल राम, वय वर्षं एकोणीस, तारेला वळसा घालून एकटाच पहिल्या मशीनगनवर गेला आणि ती बंद केली. मग दुसरं ठाणंही एकट्यानंच घेतलं आणि तिसरं एका हवालदाराबरोबर. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पण माझ्या मते त्या दिवसाचा निकाल ठरवणारी गोष्ट शेजारीच चालली होती. सॅपर्स रात्रभर माराखाली पूल जोडत होते. 'ऑक्सफर्ड' नावाचा पूल नेहमीच्या पद्धतीनं १२ मेच्या सकाळी उभा राहिला. 'प्लिमथ'ची गोष्ट वेगळी. डिव्हिजनबरोबर कॅनडाची कॅलगरी टँक रेजिमेंट होती. तिच्यातल्या कॅप्टन टोनी किंग्समिलनं आधीच एक युक्ती करून ठेवली होती. एका शर्मन टँकचा वरचा घुमट काढून त्यावर रोलर बसवले, रोलरवर जोडलेला बेली ब्रिज ठेवला आणि मागे दुसरा टँक लावला. पुढचा टँक पूल डोक्यावर घेऊन सरळ नदीत उतरला आणि बुडाला. त्याच्या पाठीवरून मागच्यानं पूल पलीकडे ढकलला. दोन्ही पुलांवरून कॅनेडियन टँक पहिल्याच दिवशी पलीकडे गेले. वरच्या अंगाला ब्रिटिश चौथ्या डिव्हिजनला आपला पूल १३ मेच्या पहाटेपर्यंत मिळाला नाही आणि तो सबंध दिवस त्यांच्या पायदळानं कसाबसा तग धरून काढला. जानेवारीचे अमेरिकन आणि मे महिन्यातले आपले, यांच्या शौर्यात मला काही फरक दिसत नाही. फरक पुलांत दिसतो. हे अर्थातच सॅपरचं मत आहे.

१३ मेला १/५ गुरख्यांनी सांत आंजेलो घेतलं, पुढे १५ तारखेच्या सुमारास पिन्यातारो पडलं आणि लिरी खोऱ्याचा रस्ता उघडला. जूनच्या सुरुवातीला रोम मुक्त झालं. डिव्हिजन उंब्रियातून उत्तरेकडे निघाली.

जुलैच्या अखेरची एक गोष्ट तुमच्या पलटणीची आहे आणि ती मराठी माणसांना फारशी माहीत नाही. फ्लॉरेन्सच्या नैऋत्येला माँतेगुफोनी नावाचा एक जुना किल्लेवजा वाडा आहे, तेव्हा तो सिटवेल या इंग्रज घराण्याच्या मालकीचा होता. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीनं फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली चित्रं खेड्यापाड्यांतल्या वाड्यांत हलवलेली होती. इथे अडीचशेहून अधिक चित्रं ठेवलेली, त्यांत बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा', उच्चेल्लोचं सान रोमानोच्या लढाईचं चित्र, जोत्तोची मॅडोना. मराठा जवान आत शिरले तेव्हा ही चित्रं दालनांत भिंतींना टेकवून उभी होती. आसपासचे गावकरी तोफांच्या भीतीनं त्याच वाड्यात मुक्कामाला. उफिझीचे ग्रंथपाल चेझारे फासोला चित्रांसाठी तिथेच येऊन राहिलेले. जर्मनांनी एका गोल चित्राचं टेबल केलं होतं, असंही तेव्हाच्या वृत्तान्तांत आहे. बाहेर आघाडी काही मैलांवर, तोफा चालू, आणि दालनांच्या दारांशी मराठा पहारेकरी. नंतर चित्रांची जबाबदारी दोस्तांच्या कलारक्षक अधिकाऱ्यांनी घेतली. आजोबांची कंपनी त्या वाड्यात होती की नाही हे वॉर डायरीतून कळू शकतं, आणि मी तुमच्या जागी असतो तर आधी तेच पान शोधलं असतं.

ऑगस्टनंतर डिव्हिजन फ्लॉरेन्सच्या उत्तरेला गॉथिक लाईनवर, म्हणजे जर्मनांच्या डोंगरातल्या संरक्षणफळीवर, गेली. हा डोंगरातला लढा. गाडी जात नाही तिथे खेचर, खेचर जात नाही तिथे माणूस. पाऊस, चिखल, नंतर बर्फ. १० नोव्हेंबरला माँते सान बार्तोलोवर १/५ गुरखाच्या थमन गुरुंगनं आपल्या लोकांची माघार झाकताना प्राण दिला. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस. डिसेंबरच्या अखेरीला डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड अचानक पश्चिमेला सेर्कियो खोऱ्यात हलवल्या. २६ डिसेंबरला जर्मनांनी तिथे अमेरिकेच्या ९२व्या डिव्हिजनवर हल्ला चढवून ती मागे रेटली, आणि मागे उभ्या असलेल्या भारतीयांनी फट बुजवून काही दिवसांत बार्गा परत घेतलं. हा हल्ला होणार याचा अंदाज आधीच घेऊन या ब्रिगेड तिथे आणल्या होत्या, म्हणून निभावलं.

मग सेनिओ. नावाला नदी, उन्हाळ्यात ओढ्याएवढी. पण रोमान्याच्या सपाट प्रदेशात पूर येतो म्हणून दोन्ही काठांना वीस-पंचवीस फूट उंचीचे मातीचे बांध घातलेले. जर्मनांनी या बांधांतच बिळं पाडून मोर्चे केले होते. काही जागी आपले लोक बांधाच्या एका उतारावर आणि जर्मन त्याच बांधाच्या दुसऱ्या उतारावर, मधे फक्त माती. हातबॉम्ब वरून टाकायचे. हिवाळाभर हे असंच चाललं.

९ एप्रिल १९४५ रोजी दुपारी जड बॉम्बफेकी विमानांनी पलीकडचा मुलूख भाजून काढला. मग तोफखाना. तोफा थांबल्या की लढाऊ विमानं यायची, ती गेली की पुन्हा तोफा, असं आलटून पालटून संध्याकाळपर्यंत. जर्मनांना प्रत्येक थांब्याला वाटायचं की आता पायदळ येणार. शेवटच्या फेरीत विमानं खाली झेपावली, पण त्यांनी काहीच टाकलं नाही. जर्मन डोकी खाली घालून बसले आणि ७ वाजून २० मिनिटांनी खरं पायदळ निघालं. पुढे ज्वाळाफेके टँक बांधावर आग ओकत होते. लुगो शहराच्या परिसरात आठवी इंडियन, तिच्या डाव्या हाताला न्यूझीलंडर.

१/५ मराठाचा नामदेव जाधव हा कंपनीचा रनर, म्हणजे निरोप नेणारा. गाव निमज, तेव्हाचा नगर जिल्हा. कंपनी कमांडरबरोबर पहिल्या छोट्या तुकडीत तो होता. तीन मशीनगननी तुकडी झोडपली. कमांडर आणि दोन जवान जखमी, जाधव सोडून बाकीचे ठार. त्यानं एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, बांधाच्या निसरड्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यांदा तो माणसं आणायला गेला नाही. टॉमी गन घेऊन सर्वांत जवळच्या ठाण्यावर धावला आणि ते गप्प केलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. मधे बॉम्ब संपले म्हणून बांधावर सरपटत जाऊन पलीकडच्या साथीदारांकडून आणखी घेतले. उरलेली दोन्ही ठाणी संपवली. मग बांधाच्या माथ्यावर, उखळी तोफांच्या माऱ्यात, उघड्यावर उभा राहून मराठ्यांची रणगर्जना देत त्यानं उरलेल्या कंपन्यांना पुढे येण्याची खूण केली. हे सगळं त्याच्या सन्मानपत्रात नोंदलेलं आहे, मी त्यात काही घातलेलं नाही. त्याच संध्याकाळी थोड्याच अंतरावर ६/१३ फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदरनंही नदीपलीकडची ठाणी एकट्यानं घेतली. एका डिव्हिजनला एका संध्याकाळी दोन व्हिक्टोरिया क्रॉस.

सेनिओनंतर गोष्टी वेगानं झाल्या. सांतेर्नो, फेरारा, पो, आदिजे. २ मे रोजी इटलीतल्या जर्मन सैन्याची शरणागती लागू झाली.

आता घाडगे-जाधव. दोघेही पाचव्या मराठाचे, दोघांनाही इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणून गल्लत होते. यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, ३/५ मराठा, दहावी डिव्हिजन. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधला प्रत्येक जण पडल्यावर त्यांनी एकट्यानं मशीनगन ठाणं घेतलं आणि लगेच स्नायपरच्या गोळीनं ते गेले. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली उंब्रियातल्या माँतोने गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं. म्हणजे आठव्या डिव्हिजनचे व्हिक्टोरिया क्रॉस चार: कमल राम, थमन गुरुंग, अली हैदर, नामदेव जाधव. इटलीत एकूण वीस दिले गेले, त्यांतले सहा भारतीय सैन्याला, आणि त्या सहांतले चार या एका डिव्हिजनचे. आकडा अभिमानाचा आहे, पण नुसत्या पदकांवरून डिव्हिजनचं युद्ध समजून घेऊ नका. आजोबांसारखे हजारो जण ज्या रात्री काहीच 'घडलं' नाही त्या रात्रीही ओल्या खंदकात होते.

आणखी एक खुलासा. कारगिलमध्ये लढलेली ८ माउंटन डिव्हिजन ही वेगळी, १९६३ साली नव्यानं उभी केलेली. इटलीतली डिव्हिजन युद्धानंतर विसर्जित झाली. १९४७ मध्ये तिच्यातल्या बटालियन दोन देशांत गेल्या. मराठा आणि ५ गुरखा भारतात, दोन्ही पंजाब आणि दोन्ही फ्रंटियर फोर्स पाकिस्तानात. त्यामुळे या डिव्हिजनचा सगळा इतिहास एका जागी मिळत नाही.

माग काढायचा तर घरातली पदकं आधी बघा. ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या त्या युद्धाच्या पदकांवर नाव नसायचं, पण भारतीय सैनिकांच्या पदकांवर कडेनं नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेली असते. भिंग घेऊन ताऱ्यांच्या मागची बाजू आणि गोल पदकांची कड तपासा. पॉलिश करू नका, अक्षरं झिजतात. इटली स्टारची फीत तांबडी-पांढरी-हिरवी-पांढरी-तांबडी असते. ती नसून बर्मा स्टार निघाला, तर घरची कहाणी कुठेतरी घसरली आहे. नंबर हाती आला की पेन्शनचं किंवा डिस्चार्जचं पुस्तक शोधा आणि दोन्हींच्या प्रती जोडून बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला रीतसर अर्ज करा. नाव 'पाटील' किंवा 'जाधव' असेल तर नंबराशिवाय कोणी काही शोधून देऊ शकत नाही. १/५ च्या वॉर डायऱ्या लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये बघाव्या लागतात. त्यांत शिपायांची नावं क्वचितच येतात, पण कंपनी ठाऊक असेल तर कोणत्या दिवशी ती कुठे होती हे तासावारी कळतं.

आणि कुटुंबातले दुसरे कोणी तिकडे गेले असतील, परत आले नसतील, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत नाव बघा. तिथे बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो, स्पेलिंग मात्र कारकुनाला ऐकू आलं तसं. 'कबर कुठे आहे' असं विचारत जाऊ नका. हिंदू आणि शीख जवानांना बहुधा अग्नी दिला जायचा, त्यामुळे त्यांची नावं दगडी थडग्यांवर नसून दहनस्मारकांवर असतात. सांग्रो नदीच्या लढायांतली नावं सांग्रो रिव्हर वॉर सिमेट्रीतल्या स्मारकावर, उत्तरेकडची बरीच फोर्लीच्या स्मारकावर. ज्यांचा देह मिळाला नाही त्यांची कासिनोला, घाडग्यांचं नावही तिथेच. पदकाच्या कडेवरचा मजकूर इथे लिहा, नाव झाकून फक्त नंबराचे पहिले आकडे आणि रेजिमेंट दिलीत तरी पुरे. बटालियन कोणती असावी याचा अंदाज त्यावरून बांधता येतो का ते बघतो.